उजवीकडे तीन, खाली एक

बुलडाणा,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अनंतास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. घरात फोन असताना ताईला पत्राचा उमाळा का आला, हे आधी सांगते. आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त दिवाणखान्यात मिळते आणि दिवाणखान्यात आता चिन्मयने कॅमेरा बसवला आहे. तो दिवसभर बघतो, वर ऐकतोही. आई किती वाजता चहा प्यायली हे आमचे चिरंजीव पुण्यात बसून पाहू शकतात. मुलाबद्दल जे बोलायचं ते मुलाच्या कानासमोर बसून बोलता येत नाही, म्हणून स्वयंपाकघरात पाट मांडून लिहिते आहे.

दिवाळीला चिन्मय, निवेदिता आणि स्वरदा चार दिवस राहून गेले. सून गोड बोलली, नातीने शंकरपाळ्यांचा डबा संपवला, आणि मुलाने आईला भेट म्हणून टीव्ही आणला. अर्धी भिंत त्यात गेली. तिथे तुझ्या भाऊजींचा फोटो होता, तो आता फ्रिजवर आहे. टीव्हीपुढे त्यांचं जिवंतपणीही काही चालत नसे, त्यामुळे त्यांनी तक्रार केलेली नाही.

इथवर मी हसत होते. मग कळलं की जुना टीव्ही, डिशचा डबा, भाऊजींचा डीव्हीडी प्लेअर आणि स्पीकर हे सगळं अडगळ ठरवून चिन्मयने भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं, आणि त्यासोबत तू करून दिलेला रिमोटही गेला. चार यंत्रांना एकटा पुरणारा. त्याच्या बटणांवर तू सायकलच्या पंक्चरचं रबर कापून चिकटवून दिलं होतंस. चौकोनी रबर म्हणजे सगळं एकदम चालू, गोल म्हणजे आवाज, लांबट म्हणजे सह्याद्री वाहिनी. मी तो कधी बघितलाच नाही, नुसता हातात धरला की काम व्हायचं.

नव्या टीव्हीचा रिमोट माझ्या बोटाएवढा आहे आणि त्यावर आकडे नाहीत. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला म्हातारपणी बिनआकड्यांचं यंत्र मिळालं. त्यावर एक माइकचं बटण आहे, ते दाबून तोंडाने सांगायचं म्हणे. सांगितलं. आतली बाई फार नम्र आहे, दर वेळी माफी मागते आणि काहीही करत नाही. शिक्षण खात्यात असती तर केव्हाच वर चढली असती.

आता मुद्द्याचं. निघताना चिन्मयने मला समोर बसवलं आणि म्हणाला की आई, तू एकटी राहतेस, साधा टीव्ही तुला लावता येत नाही, उद्या गॅसचं काही झालं, दाराचं काही झालं तर काय करशील. त्याने मुदत दिली आहे. गुढीपाडव्याला तो येणार. तोवर मला माझा टीव्ही लावता आला, हवं ते शोधता आलं, तर मी इथे राहायचं. नाही तर पुणे, अकरावा मजला. घर कोचिंग क्लासला भाड्याने द्यायचं त्याच्या मनात आहेच. आयुष्यभर लोकांच्या मुलांना नापास केलं, आता घरचं पोर परीक्षक झालंय.

विनोद बाजूला ठेवते, अनंता. मला हे घर सोडायचं नाही. या टीव्हीसाठी तसलाच एक सगळ्यांना पुरणारा रिमोट करून पाठव. रबरं तीच लाव, जागा बदलू नकोस.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायचा असेल तर रिमोटसोबत पाठव.

तुझी,
शैलाताई


वडनेर भोलजी,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. ताईस,

अनंताचा साष्टांग नमस्कार वि. वि. गुडघ्यांमुळे आठापैकी सहाच अंगं टेकतात, बाकीची दोन सुटीवर आहेत असं समज.

पत्र मिळालं. पाकिटावरचा पत्ता एवढ्या मोठ्या अक्षरांत होता की पोस्टमनने कोपऱ्यावरूनच हाक मारली. आतल्या ओळीही राजूर घाटातल्या एसटीसारख्या खाली खाली उतरत जातात. फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ मारणाऱ्या शैलजाबाई कुठे गेल्या? म्हातारी झालीस का गं ताई?

तुझं काम वाचून आधी आनंद झाला, कारण गेल्या दीड वर्षात माझ्या दुकानाकडे रिमोट मागणारी तू पहिलीच. आठवतं ना, काउंटरच्या वर रिमोटच्या माळा टांगलेल्या असायच्या? घरोघरी चार यंत्रं, चार रिमोट, आणि ते कुठे ठेवले यावरून नवरा-बायकोची जुंपलेली. माझा एक रिमोट नेला की घरात शांतता. लग्नात आहेर म्हणून दिलेत लोकांनी. आता यंत्रंच उरली नाहीत. डीव्हीडी गेला, स्पीकर टीव्हीच्या पोटात शिरला, डिशचा डबा निघाला, आणि जो काय टीव्ही राहिला त्याला लोक फोनवरून हाकतात. सर्वांना पुरणारा म्हणायला आधी 'सर्व' तरी हवेत.

तरी ताईचं काम म्हणून वरवट बकालला शालिग्रामकडे गेलो. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर रिमोटचा ढीग घालून बसायचा तो. तीस वर्षं मी त्याच्याकडून माल आणला. ताडपत्री तीच आहे, वर मोबाइलची कव्हरं. मी रिमोट म्हटल्यावर तो मनापासून हसला. म्हणाला की अनंतभाऊ, आता रिमोट कोण घेऊन राह्यलं, लोकं टीव्हीशीच बोलून राह्यले, बायकोशी बोलत नाहीत तेवढं. उरलेल्या मालाचं काय केलं विचारलं, तर म्हणाला की ज्वारीच्या वावरात दोरीले बांधले, हवेनं एकमेकांवर आपटतात, पाखरं उडतात. आपल्या धंद्याचा हा गौरव ऐकून मी चहा न घेता परतलो.

मग मलकापूरच्या एका दुकानात तुझ्या टीव्हीचा जुळा भाऊ सापडला. मालक ओळखीचा. माझ्याकडे एक शिकणारा रिमोट आहे, त्याला दुसऱ्या रिमोटच्या नाकाला नाक लावून ठेवलं की त्याची बटणं तो शिकतो. दोन तास शिकवणी घेतली. दोन बटणं पास, चालू-बंद आणि आवाज. बाकी वर्ग नापास. त्याचं असं आहे की जुना रिमोट नुसता प्रकाश फेकायचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. ज्या यंत्राला भाषा कळेल त्याने ऐकावं. म्हणून एकच रिमोट चौघांशी बोलायचा. हे नवे रिमोट आपापल्या टीव्हीशी लग्न लावतात आणि मग परक्याकडे मान वर करून बघत नाहीत. पातिव्रत्य चांगलंच, पण त्यापायी माझं दुकान बसलं.

तेव्हा दोन बटणांचा रिमोट पाठवून तुझी चेष्टा करत नाही. तू एवढं कर. पडद्यावर रांगेत चित्रांचे चौकोन येतात. ज्यावर जाशील तो मोठा होतो. नुसतं बघत बघत पुढे जायचं. काही अवघड नाही गं, बघितलं की कळतं.

रागावू नकोस, आणि रागावलीस तर तेही सविस्तर लिही.

तुझा,
अनंता


बुलडाणा,
४ डिसेंबर २०२४

चि. अनंतास,

आशीर्वाद, या खेपेस एकच. पुढचे कामावर अवलंबून.

'बघितलं की कळतं' हे वाक्य तू कुठून शिकलास? माझ्या वर्गात नक्कीच नाही. मी चित्रं बघून शिकणाऱ्यांतली नाही, ते बालवाडीने करावं. मला आकडे दे. टीव्ही चालू केल्यापासून कुठलं बटण किती वेळा दाबलं की काय लागतं, ते मोजून लिही. पाढे पाठ होतात, चित्रं होत नाहीत. आणि जाड पेनाने लिही, शब्दांत अंतर ठेवून. तुझं अक्षर पहिलीपासून मुंग्यांचं आहे.

तुला वाटेल, ताई एवढी हट्टाला का पेटली. पुण्याला जाऊन राहिलं तर काय बिघडतं. मागच्या वर्षी पंधरा दिवस राहून आले, त्यातली एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. तिथल्या लिफ्टला बटणं नाहीत, गुळगुळीत काच आहे. एके दिवशी खालून भाजी घेऊन वर आले, दार उघडं होतं, आत जाऊन सोफ्यावर बसले. दहा मिनिटांनी कोणीतरी चहा आणून दिला, तेव्हा कळलं की हे आपलं घर नाही. निवेदिता न विचारता चहा देत नाही. नवव्या मजल्यावरची माणसं होती, भली होती. मी त्यांना म्हटलं की ओळख करून घ्यायला आले होते.

हसून झालं असेल तर पाढा तयार कर. चिन्मय रोज संध्याकाळी कॅमेऱ्यातून विचारतो की आई, लावलास का टीव्ही. ही घरगुती आकाशवाणी. पुराणातल्या लोकांना आकाशवाणीला उलट बोलायची सोय नव्हती, मी बोलते. सांगते की आज वाचायचं आहे. मग तो खूश होतो.

उत्तराला उशीर केलास तर माया आटेल असं नाही, पण पातळ होईल.

शैलाताई


वडनेर भोलजी,
१५ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि. नवव्या मजल्यावर हसलो, मान्य. मग थोडा वेळ हसलो नाही. लिफ्टमध्ये चष्मा नव्हता का गं तुझ्याकडे?

पाढा तयार आहे. मी डोकं चालवलं. चिन्मयला फोन केला, गोड बोललो, आणि तुझ्या टीव्हीच्या पडद्याचा फोटो मागवून घेतला. त्याने विचारलं की मामा, तुला कशाला हवा. मी म्हटलं की धंद्याच्या अभ्यासासाठी. धंदा आणि अभ्यास दोन्ही माझ्याकडे नाहीत हे त्याला ठाऊक असूनही त्याने दिवाळीत काढलेला पाठवला.

तर असं कर. टीव्ही चालू केलास की मनात वीसपर्यंत मोज, त्याला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. तुझ्या रिमोटवर वरचं मोठं गोल चाक आहे, त्याच्या खाली उजव्या हाताला पहिलं बटण आहे, ते एकदा दाब. मग चाकाची उजवी कड तीनदा, खालची कड एकदा, आणि चाकाच्या मधोमध एकदा. सह्याद्री. शेगावचं थेट दर्शन हवं असेल तर उजवीकडे पाच, खाली एक, मधोमध एक. चुकल्यासारखं वाटलं तर बंद करून पुन्हा पहिल्यापासून. दोन मुक्काम पुरे, पाडव्याच्या परीक्षेला यापेक्षा जास्त विचारतील असं वाटत नाही.

आमच्या सुनेने तुला तिळाची चिक्की पाठवायची ठरवली आहे. तिला माझ्या अक्षरावर तू केलेली टीका वाचून दाखवली, ती तुझ्या बाजूची निघाली.

चुकलंमाकलं पोटात घाल, पाढा मात्र डोक्यात घाल.

अनंता


बुलडाणा,
५ जानेवारी २०२५

चि. अनंतास,

भरघोस आशीर्वाद, हातचं न राखता.

तुझा पाढा पाठ झाला. पोळ्या लाटताना म्हणत होते, उजवीकडे तीन, खाली एक. आता बोटं आपली आपण जातात. काल संध्याकाळी आकाशवाणी झाल्याबरोबर मी रिमोट उचलला आणि चिन्मयच्या देखत सह्याद्री लावली, मग दर्शन लावलं, मग पुन्हा सह्याद्री. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की छान. एवढंच. माझ्या शाळेत पैकीच्या पैकी मिळालेल्या मुलीला मी यापेक्षा बरं बोलायचे.

आता येत्या सोळा तारखेला, गुरुवारी, मी बायकांना तिळगुळाला बोलावलं आहे. भाऊजी गेल्यावर हळदीकुंकू बंद झालं, पण तिळगुळाला बंदी घातलेली मी कुठे वाचलेली नाही. सगळ्या शाळेतल्या जुन्या बाया, आणि समोरची वच्छला. गुरुवार आहे तर सगळ्यांना भिंतभर दर्शन घडवते. गावात बातमी पसरू दे की शैलजाबाईंना एकटीला सगळं जमतं. पुण्यापर्यंत पोचेल.

चिक्की पोचली. सुनेला माझा लोभ कळव, तुझा वाटा त्यातूनच घे.

शैलाताई


बुलडाणा,
१९ जानेवारी २०२५

श्री. अनंतभाऊ यांस,

समोरच्या वच्छलाबाईचा नमस्कार. ताईंच्या शाळेत घंटा वाजवायची, ते मीच. आपण भाऊजींच्या तेराव्याले भेटलो होतो. मले लिहायची सवय नाही, जशी बोलते तशीच लिहिते.

गुरुवारी तिळगुळाले आम्ही अकरा बाया होतो. ताईनं मोठ्या तोऱ्यात रिमोट घेतला, तोंडातल्या तोंडात मोजत टीव्ही लावला. आवाज बंदच ठेवला, दर्शनाले आवाज काऊन पाहिजे म्हणे. अन् भिंतीवर लागली कुस्ती. दोन गोरे गडी, चड्डीवर, एक दुसऱ्याच्या छातीवर बसेल होता. ताईनं हात जोडले. म्हणाल्या, आज महाराजांले हार केवढा मोठा घातला पाहा. दिसतो ना म्हणे, तर साऱ्या हो म्हणाल्या. मी म्हटलं आता काय करा, तर म्याही हात जोडले. माह्या मागून साऱ्यांनी जोडले. अकरा बायांनी कुस्तीले नमस्कार केला, तिळगूळ खाल्ला अन् गुमान घरी गेल्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ताईले अजून माहीत नाही.

हसायसाठी लिहिलं नाही भाऊ. दीड वर्षामागं ताईले डोळ्याच्या डॉक्टरकडे मीच नेलं. काचबिंदू म्हणाला तो. डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही. उजव्यानं नळीतून पाहिल्यावाणी दिसते, मधातलं तेवढं, तेही अंधुक. थेंब टाकतात त्या, पण मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाला होता, ते राहिलं. मले शपथ घातली का तू सांगशील तर चिन्मय मले उचलून पुण्याले नेईल. दीड वर्ष पाळली. पण गुरुवारी त्यांचे जोडलेले हात पाहिले अन् मले राहवलं नाही. शपथ मोडल्याचं पाप लागलं तर अर्धं तुम्ही घ्या.

कमीजास्त असल तर दुरुस्त करून वाचा.

वच्छलाबाई


वडनेर भोलजी,
२४ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि. आज थट्टा सुचत नाही. सुचली तर खोडून टाकेन.

वच्छलाबाईंनी मला लिहिलं. त्यांच्यावर रागावू नकोस, तुझ्या घरासमोर राहून दीड वर्ष गप्प राहणं सोपं नव्हतं. गुरुवारी भिंतीवर दर्शन नव्हतं, ताई. कुस्ती लागली होती. तू कुस्तीला हात जोडलेस आणि तुझी लाज राखायला त्या दहा जणींनीही जोडले. हे तुला माझ्याकडून कळावं, बाजारात कोणाकडून नाही.

चूक तुझ्या मोजण्याची नाही. हे टीव्ही आपली रांग आपणच बदलतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. ज्याची जाहिरात करायची ते चौकोन पुढे सरकवतात, मालकाला विचारत नाहीत. मी तुला अशा फळ्यावरचा पाढा दिला जो रातोरात पुसून कोणी दुसराच लिहितो. तीस वर्षं या धंद्यात काढली आणि बहिणीला चुकीचं शिकवलं. माझ्या त्या जुन्या रिमोटवर चौकोनी रबर चौकोनीच राहायचं.

त्या रबरांचीही आता लाज वाटते. तीन वर्षांपूर्वी तू ती लावून मागितलीस तेव्हा मी घरात म्हणालो की ताईला आता चोचले सुचतात. तुझ्या अक्षरावर, उतरणाऱ्या ओळींवर, नवव्या मजल्यावर सगळ्यावर हसलो. पत्र वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडलो. सहासष्ट वर्षांच्या माणसाने रडताना कसं बसायचं तेही कळेना.

टीव्हीचा प्रश्न सुटतो. भिंतीवरच्या टीव्हीला पुन्हा डिशचा डबा जोडला की माझा रिमोट त्या डब्याला हाकेल, आकड्यांसकट. मी करून देतो. पण आता प्रश्न टीव्हीचा राहिलेला नाही. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. काचबिंदूत जी नजर गेली ती येत नाही, जी आहे ती राखता येते, आणि उशीर झाला की तीही जाते. तू घर राखायला डोळा घालवते आहेस. मी चिन्मयला सांगणार नाही. तू सांग. तुझ्या पाया पडतो, आठही अंगांनी.

तुझा,
अनंता


बुलडाणा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. अनंतास,

आशीर्वाद.

कुस्ती कोण जिंकलं ते तरी वच्छलेने लिहायचं होतं.

तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी ती मेथीचे पराठे घेऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली की बोला नाही तर नका बोलू, पण खा. मग बोलावं लागलं. मला लाज वाटली, अनंता, फार वाटली. मी त्या सगळ्यांना विचारत होते की हार दिसतोय ना. आणि त्या हो म्हणत होत्या.

तुझं खरं आहे. पण चिन्मयला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तो वाईट मुलगा नाही, तेच तर अवघड आहे. तो लगेच रजा टाकेल, गाडी घेऊन येईल, माझी बॅग भरेल, आणि इतक्या प्रेमाने मला अकराव्या मजल्यावर नेऊन बसवेल की मला नाही म्हणता येणार नाही. त्यानंतर मी लिफ्टजवळ कोणाची तरी वाट बघत उभी राहणार. मला त्या उभं राहण्याची भीती वाटते, आंधळं होण्याची तेवढी वाटत नाही.

कॅमेऱ्याला मी स्वरदाचं लहानपणचं टोपडं घातलं आहे. आकाशवाणीची थंडीची सोय झाली. फोनही बंद करून डाळीच्या डब्यात ठेवला. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने पोस्टाने म्हणावं. तब्येत बरी आहे एवढं वच्छला त्याला रोज कळवते.

लोभ असू दे. सध्या मला त्याचीच जरा गरज आहे.

शैलाताई


पुणे,
२० फेब्रुवारी २०२५

ती. आईस,

चिन्मयचा सा. न. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी चार मिळाले होते, त्यानंतरचं हे पहिलं पत्र. पाकिटावर तिकीट किती लावायचं ते इथे कोणालाच माहीत नव्हतं.

टोपडं पोचलं, म्हणजे दिसलं. त्याआधीचंही दिसलं होतं. सोळा जानेवारीचं कॅमेऱ्यात मी ऑफिसात बसून पाहिलं. ऑफिसातून उठून बाहेर गेलो.

पण मला कळलं तेव्हा नाही. दिवाळीत तू निवेदिताला स्वरदा समजलीस आणि तिच्या हातात फुलबाज्यांचा पुडा देऊन म्हणालीस की अंगणात जा, दारात उडवू नकोस. सगळे हसले, तूही हसलीस आणि आपण मुद्दाम केलं असं दाखवलंस. मी तुझ्याकडे बघत होतो. मुद्दाम केलं नव्हतंस.

मग मी टीव्ही आणला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मलकापूरला जाऊन. तुला वाटलं भेट, मामाला वाटलं मी जुनी वस्तू टाकणारा पुणेकर. मला तुला एकच विचारायचं होतं, आई तुला दिसतं का. ते विचारवेना. विचारलं की उत्तर येणार आणि मग मला काहीतरी करावं लागणार. म्हणून असं यंत्र आणलं जे बघितल्याशिवाय चालत नाही, आणि तारीख दिली. म्हटलं, तेच विचारेल. तू पाढे पाठ करून त्यालाही फसवलंस. त्या दिवशी मी गप्प बसलो ते यासाठी. मामाने पडद्याचा फोटो मागितला तेव्हाच मी ओळखलं होतं.

मला हे शोभलं नाही. जुना रिमोट परत मिळेल का म्हणून भंगारवाल्याला फोन केला, तो म्हणाला की साहेब, त्याचं काय करता, त्यात तांबं नसते.

पाडव्याला मी एकटा येतो. काहीही आणत नाही. आल्यावर विचारेन, तेव्हा खरं सांगशील का?

तुझा,
चिन्मय


बुलडाणा,
२ एप्रिल २०२५

चि. अनंतास,

अनेक उत्तम आशीर्वाद, सहकुटुंब.

चिन्मय आला आणि गेला. कसा आला, तर हातात खरोखर काही नव्हतं, पेढ्यांचा पुडासुद्धा नाही. इतका शब्दशः आज्ञाधारक मुलगा आपल्याच घरात कसा निपजला! बॅग खांद्यावरून उतरवायच्या आधी उंबऱ्यात उभं राहून त्याने विचारलं. मी सांगितलं. डावा गेला, उजवा थोडा आहे. तो माझा हात धरून गुढीपाशी बसून राहिला. वच्छला समोरून बघत होती, तिने पदराने नाक पुसलेलं मला ऐकू आलं.

दुपारी जेवताना माझी जी भीती होती तीच झाली. प्रेम सुरू झालं. पुण्यात मोठे डॉक्टर आहेत, दिवसभर बाई ठेवू, स्वरदा तुला वाचून दाखवेल. मी वरणभात खात राहिले. नाही म्हणता आलं नाही, तुला म्हटलं होतं ना. मनातल्या मनात घराचा निरोप घ्यायलाही लागले होते. ताकाची बरणी कोणाला द्यायची इथपर्यंत पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला की तू बसून राहा, आज चहा मी करतो. ओट्यावरचा नॅपकिन घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. मी विचारलं की हे काय. म्हणाला की बघू दे मला. मी म्हटलं की त्यासाठी आधी सोड ते. त्याने ऐकलं नाही.

अनंता, काय सांगू. आधी दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. मग साखर म्हणून मीठ. दोन कप फुटले, त्यात एक तुझ्या सुनेने दिलेला. गॅसपर्यंत गेला तेव्हा मी त्याला बाजूला केलं आणि भिंतीशी उभं केलं. मग मी चहा केला. तिसऱ्या फळीवर उजवीकडे चहाची बरणी, तिच्या डावीकडे साखर, दूध खिडकीत, गाळणी खिळ्याला. त्यात मला काही करावं लागतच नाही, चाळीस वर्षांत हातच जातात. पायांखाली कपांचे तुकडे होते तेही मी पायाने चाचपून एका कोपऱ्यात केले. एक थेंब सांडला नाही. तो भिंतीला टेकून, डोळे बांधलेलेच, नुसते आवाज ऐकत होता. मी त्याच्या हातात कप दिला, बोटं कपाच्या कानात घालून दिली.

त्याने कप दोन्ही हातांत नुसता धरून ठेवला. मग हळूच म्हणाला की आई, पुण्याच्या घरात तू अशी होशील, आत्ता मी आहे तशी. मी म्हटलं की हो. मग तो रडला, आणि नॅपकिन बांधलेला असल्यामुळे त्याची सोयही झाली.

डिशच्या डब्याचं तू म्हणालास ते त्याने ऐकलं, डबा बसवून घेतला. तू रिमोट घेऊन ये, पोस्टाने नको, स्वतः ये. कॅमेरा त्याने काढून नेला. वच्छलेकडे घराची किल्ली दिली, आणि तिला म्हणाला की काही झालं तर मले फोन करजा, त्याच्या तोंडून वऱ्हाडी ऐकून ती दिवसभर हसत होती.

दवाखान्यासाठी बारा तारखेला मी पुण्याला जाते आहे, आठ दिवस. उजवा डोळा राखायचा आहे आणि मी त्याला तसं कबूल केलंय. चिन्मयने तिकिटं माझ्यासमोर बसून काढली आणि वाचून दाखवली. आधी वीस तारखेचं परतीचं, पुण्याहून मलकापूरचं काढलं, मग जायचं.

कळावे, आणि वीस तारखेनंतर केव्हाही यावे. मी घरीच आहे.

शैलाताई